लेखणी भाड्याने देणे आहे

बारावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या मध्यमवर्गीय घरांत हल्ली दोन खरेद्या ठरलेल्या असतात. एक दुचाकी आणि दुसरा लॅपटॉप. दुचाकीचे कागद वडील चष्मा लावून वाचतात. लॅपटॉपचे कोणीच वाचत नाही. दुकानदार सांगतो, "यात ऑफिस टाकलेलं आहे, वर्षभर फुकट." वर्ष संपते. मुलाचा कॉलेजचा अहवाल अर्धा झालेला असतो आणि पडद्यावर सूचना झळकते की मुदत संपली, पैसे भरा. अहवाल दिसतो, छापताही येतो. पण त्यात एक शब्द घालता येत नाही की खोडता येत नाही. वडील विचारतात, "अरे, पण आपण तो विकत घेतला होता ना?" मुलगा सांगतो, "लॅपटॉप घेतला होता, बाबा. वर्ड नाही."

गेल्या बारा-पंधरा वर्षांत झालेला मोठा बदल त्या उत्तरात आहे, आणि तो इतक्या हलक्या पावलांनी झाला की आपल्यापैकी बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नाही. पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यात मिळे. आत एक चकती, एक पुस्तिका आणि एक लांबलचक क्रमांक. एकदा पैसे मोजले की वस्तू आपली. संगणक चालेल तोवर ती चाले. मायक्रोसॉफ्टने २०११ साली कचेऱ्यांसाठी 'ऑफिस ३६५' आणले आणि जानेवारी २०१३ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीही तीच पद्धत सुरू केली. त्याच वर्षी अडोबी कंपनीने जाहीर केले की फोटोशॉपसारख्या आपल्या साधनांच्या पुढच्या आवृत्त्या विकल्या जाणार नाहीत, त्या वर्गणीवरच मिळतील. एकदाच पैसे भरून घ्यायचे ऑफिस अजून मिळते, 'ऑफिस २०२४' हे त्याचे ताजे रूप. पण आठवणीने मागितल्याशिवाय ते कोणी पुढे करत नाही.

'वर्गणी' हा शब्द मला इथे खटकतो. वर्गणी आपण गणपतीला देतो, वाचनालयाला देतो. तिची पावती मिळते, मंडळाच्या बैठकीत उभे राहून हिशेब विचारता येतो, आणि मांडव सगळ्यांचा असतो. इथे मांडवही त्यांचा, मूर्तीही त्यांची आणि हिशेब विचारायची सोय नाही. ही वर्गणी नव्हे, हे भाडे आहे.

प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली. त्यामुळे भाड्याचा विषय निघाला की नजर आधी खात्याच्या उताऱ्याकडे जाते. पेन्शनचा उतारा घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांच्या खात्यांत अशा बारीक, नियमित कपाती दिसत. विचारले तर, "पोरानं काहीतरी लावून दिलंय." रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप होणाऱ्या कपातींना शिस्त लावली. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, पहिल्या वेळी त्याची रीतसर संमती घेतली पाहिजे, आणि ठरावीक रकमेच्या वर असेल तर दर वेळी. ही मर्यादा आधी पाच हजार होती, जून २०२२ मध्ये ती पंधरा हजार झाली. नियम चांगला आहे. पण तो संदेश लॉटरीच्या आणि कर्ज देऊ करणाऱ्या शंभर संदेशांच्या गर्दीत येतो, आणि घरगुती सॉफ्टवेअरचे भाडे पंधरा हजारांच्या पुष्कळ खाली असते.

गणित साधे आहे. समजा, वर्षाला पाच हजार. अठराव्या वर्षी सुरू केलेले भाडे अडतिसाव्या वर्षापर्यंत एक लाख होते, तेही भाव मुळीच वाढला नाही असे धरून. हेच पाच हजार कोणी रिकरिंगमध्ये टाकले असते तर शेवटी हाती काही लागले असते. इथे विसाव्या वर्षानंतर एकविसावे भाडे लागते.

पण पैसा हा या प्रकरणाचा लहान भाग आहे. खरा प्रश्न बोटांचा आहे.

बोटांना स्मरणशक्ती असते हे ज्याने टंकलेखन केले आहे त्याला सांगावे लागत नाही. आमच्या बँकेतल्या टायपिस्ट बाई गोदरेजच्या मराठी यंत्रावर पत्र बडवत असत आणि त्याच वेळी शेजारणीला आमटीची कृती सांगत असत. दोन्हींत चूक नसे. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस शाखाशाखांत खतावणीची यंत्रे, ज्यांना आम्ही नुसते 'एएलपीएम' म्हणत असू, येऊ लागली. युनियनचा विरोध झाला, मोर्चे निघाले. त्या विरोधाला नोकऱ्या जाण्याची भीती हेच कारण सांगितले जाते. ते खरेच होते. पण त्यामागे आणखी एक न बोललेले दुःख होते. वीस वर्षे बेरजा मारून ज्याने आपली बोटे आणि डोळे तयार केले होते, त्याला एका सकाळी सांगण्यात आले की ती कमाई आता चलनातून बाद झाली.

पुढे वर्डस्टार आला. १९७८ सालचा हा अमेरिकी शब्दलेखक आपल्याकडच्या कचेऱ्यांत नव्वदीतही होता. त्यात उंदीर नव्हता, चित्रे नव्हती. कंट्रोल दाबून के, मग एस, की मजकूर साठवला. कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स या चार कळांनी वर-खाली, डावी-उजवीकडे फिरायचे. हात मधल्या ओळीवरून हलत नसे. चार महिन्यांत ते बोटांत बसले आणि मग डोके मजकुरापुरते मोकळे झाले. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेमागच्या कादंबऱ्या लिहिणारे जॉर्ज मार्टिन यांनी २०१४ साली दूरचित्रवाणीवर सांगितले की आपण अजून डॉसवरच्या जुन्या वर्डस्टारवरच लिहितो, कारण ते सांगितले तेवढेच करते. आपण छोटे अक्षर दाबले तर परस्पर मोठे करत नाही. प्रेक्षक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. जातीचा विणकर आपला धोटा बदलत नाही, आणि आपल्या गावात त्याला कोणी हसत नाही.

वर्डस्टार गेला, वर्ड आला. त्याच्या वरच्या पट्टीतल्या याद्या पाठ झाल्या. २००७ साली त्या याद्याच गेल्या आणि त्यांच्या जागी चित्रांचा रुंद पट्टा आला. कंपनीचे म्हणणे असे होते की वर्डमध्ये सोयी इतक्या साचल्या आहेत की लोक जे मागतात ते आधीपासून आतच असते, त्यांना सापडत नाही. या म्हणण्यात तथ्य होते. नव्या माणसाला तो पट्टा सोपा गेला. मात्र ज्यांना सगळे सापडत होते, त्यांना काहीच सापडेना. पन्नाशीला टेकलेले अनुभवी लोक काल लागलेल्या पोराला विचारू लागले, "बाबा रे, प्रिंट कुठे गेलं?" तरी त्या वेळी एक सभ्यपणा पाळला गेला होता. कळफलकावरच्या जुन्या आज्ञा बहुतेक तशाच चालू ठेवल्या होत्या. डोळ्यांना नवे शिकायचे, पण बोटांना माफी.

आणि आणखी एक माफी होती, तिचे मोल आता कळते. २००७ चे ऑफिस न घेण्याची मुभा होती. २००३ वर काम चालत असेल तर माणूस २००३ वरच राही. कंपनीला नवी आवृत्ती विकायची तर आपले मन वळवावे लागे. भाड्याच्या पद्धतीत हीच मुभा गेली. रात्री संगणक बंद करावा, सकाळी उघडावा, तर बटणे हललेली. अक्षराचे वळणसुद्धा बदललेले: टाइम्स न्यू रोमन गेले, २००७ मध्ये कॅलिब्री आले, आता ॲप्टॉस. घरमालक आपण कामावर गेलेले पाहून स्वयंपाकघरातली मांडणी फिरवून जातो, आणि भाडेकरूने 'छान दिसतंय' म्हणावे अशी अपेक्षा ठेवतो.

जानेवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती योजनांत 'कोपायलट' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस घातला आणि भाडे वाढवले. तो नको असलेल्यांसाठी जुन्या दराची, मदतनीसाविना योजना होती; पण ती सहजी दिसत नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक-संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्याचा आरोप असा की सुमारे २७ लाख ग्राहकांना ही तिसरी वाट सांगितलीच गेली नाही; वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच ती दिसे. कंपनीने नंतर ग्राहकांकडे दिलगिरी व्यक्त केली. नको असलेली वस्तू थाळीत वाढून तिचे पैसे लावणे हा प्रकार आपल्याला लग्नाच्या कंत्राटात चांगला ठाऊक आहे.

मराठी माणसाला खरे तर यात नवे वाटण्याचे कारण नाही. आपण हे नाटक एकदा पाहिलेले आहे, नव्वदीच्या दशकात, आणि तेही आपल्याच लिपीत.

त्या काळी संगणकावर मराठी उमटवणे ही मोठी गोष्ट होती. पुण्याच्या सी-डॅकने आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'ने, बंगळूरच्या 'आकृती'ने ती घडवून आणली. त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांना त्यांनीच डीटीपीच्या युगात आणले. पण संगणकाला तेव्हा इंग्रजी अक्षरांच्याच जागा माहीत होत्या. मग त्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले गेले: इथे काना, तिथे अर्धा स, पलीकडे रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एका कंपनीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ दिसे. आणि तो फॉन्ट चालावा म्हणून अनेकदा संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या भोकात, एक ठोकळा खोचावा लागे. डोंगल. ठोकळा काढला की मराठी गायब.

अर्थात कंपन्यांचीही बाजू होती. आपल्या बाजारात चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट होता. दहा-दहा वर्षे खपून केलेली वस्तू कोणी फ्लॉपीवरून उचलून नेत असेल तर कुलूप घालणे भागच पडते. आजच्या भाडेपद्धतीमागेही हे एक कारण आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दर महिन्याला पगार लागतो हे दुसरे. फुकटच हवे अशी ज्यांची धारणा आहे त्यांच्या बाजूने मी नाही.

पण कुलपाचे परिणाम कोणावर झाले ते पाहावे. सोलापूर हे चार लिप्या-भाषांचे गाव. इथे एकाच घरच्या लग्नाची पत्रिका मराठीत आणि तेलुगूत निघते, दुसऱ्याची मराठी-कन्नडमध्ये, तिसऱ्याची उर्दूत. पूर्व भागातल्या छापखान्याला या प्रत्येकीसाठी वेगळे साधन ठेवावे लागे. उर्दूसाठी 'इनपेज' वेगळेच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. कंपनीने ती केव्हाच सोडून दिली. तरीही कित्येक छापखान्यांत एक जुनाट संगणक कोपऱ्यात जपून ठेवलेला दिसतो. त्याला इंटरनेट लावत नाहीत, त्याच्यावर कोणी पाणी ठेवत नाही. वीस-पंचवीस वर्षांचे काम त्या एका पेटीत आहे आणि तिच्या पाठीला तो ठोकळा आहे. नव्या संगणकांना तसले भोकच नसते.

सीमेपलीकडे काय झाले तेही आपल्या इतक्या जवळ घडले की सांगायला हवे. विजयपूर-कलबुर्गीकडच्या कचेऱ्यांत कन्नड गणक परिषदेने तयार केलेली 'नुडी' ही प्रणाली आली. कर्नाटक सरकारने ती लोकांना मोफत दिली. तिच्यातही जुन्या फॉन्टांचे दोष होते, पण लिपीच्या दाराशी कोणी भाडे वसुलीला बसले नाही.

माझ्या एका कादंबरीची गंमत सांगतो. ती नव्वदीच्या अखेरीस डीटीपीवर जुळवली गेली. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा जुळणी करणाराने फाईल जपून ठेवलेली निघाली. चकतीही शाबूत होती. फॉन्ट मात्र नव्हता. रूपांतर करणारा प्रोग्रॅम लावला. तो बरेचसे बरोबर करतो आणि उरलेल्यात घात करतो. टंकयंत्राच्या रीतीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठोकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचे नेमके उलट. परिणामी माझी 'कीर्ती' चार प्रकारे लिहिली गेली आणि 'दुसऱ्या'मधला र जागोजाग पायमोडका झाला. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून एका मुलीने सगळे पुन्हा टाइप केले. म्हणजे कागद टिकला, फाईल टिकली आणि तरी फाईल निरुपयोगी ठरली. माझे एक पुस्तक सोडून द्या. त्या दशकातल्या शाळांच्या स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल, गावोगावच्या जत्रांच्या पुस्तिका, किती मजकूर असा गोठून पडला असेल?

युनिकोडने हा घोळ मिटवला. विंडोज २००० पासून 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट संगणकासोबतच येऊ लागला; त्याचे आरेखन र. कृ. जोशी यांचे, म्हणजे मराठी कवी आणि अक्षरकार असलेल्या माणसाचे. (२००८ साली ते गेले. ज्यांनी मंगलमध्ये हजारो अर्ज लिहिले त्यांतल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?) महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला प्रमाण करणारा निर्णय काढला, त्यात ल आणि श यांची मराठी वळणे ठरवून दिली. विंडोज १० पासून 'मंगल' आपोआप येत नाही; मागून घ्यावा लागतो. पण मजकूर युनिकोडमध्ये असल्यामुळे तो दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो, वाचता येतो. वळण बदलते, अक्षर राहते. लिपी कोणाच्या मालकीची नसली की काय होते, हे यावरून दिसते.

म्हणून वर्ड चांगले की गुगलचे चांगले, या वादात मी पडत नाही. ज्याची बोटे जिथे रमतात तिथे त्याने लिहावे. मी विचारतो ते एवढेच, की भाडे थकले तर माझ्या कागदांचे काय?

बँकेच्या लॉकरचे उदाहरण घेऊ. तेही भाड्याचेच असते. त्याला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची, एक बँकेची; एकटी बँक तो उघडू शकत नाही. भाडे थकले तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लागोपाठ तीन वर्षे वाट पाहावी लागते. मग नोटीस द्यायची, ती परत आली तर एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यायची, आणि मगच अधिकारी व दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर लॉकर फोडून आतल्या वस्तूंची यादी करायची. असे पंचनामे मी केले आहेत. त्यात एकदा नुसती पत्रे निघाली, पण तीही मोजून, सीलबंद करून ठेवावी लागली. इतकी काळजी, कारण भाडे जागेचे असते, आतल्या वस्तूचे नसते, हे तत्त्व कायद्याने मानले आहे.

संगणकाच्या भाड्यात हे तत्त्व अर्धेच पाळले जाते. मुदत संपल्यावर वर्डमधला मजकूर वाचता येतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण भाड्यासोबत मिळालेल्या मोठ्या साठवणीत, 'वनड्राइव्ह'मध्ये, मुलाबाळांचे फोटो आणि कागद भरलेले असले आणि भाडे बंद झाले, की फुकटची जागा फक्त ५ जीबी उरते. मर्यादा ओलांडलेले खाते सहा महिन्यांहून जास्त तसेच राहिले तर आतला ऐवज पुसण्याचा अधिकार कंपनीने अटींत राखून ठेवला आहे. साक्षीदार नाहीत, यादी नाही, दैनिकातली जाहिरात नाही. घरातला जो माणूस हे खाते सांभाळत होता तोच गेला, तर? बँकेत वारसाची नोंद असते. इथे पासवर्ड बहुधा गेलेल्या माणसाबरोबरच जातो.

सरकारांना हा धोका उमगू लागला आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिस या मुक्त प्रणालीवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले काम तमिळनाडूतून उभ्या राहिलेल्या 'झोहो'च्या साधनांवर नेत असल्याचे सांगितले, आणि पाठोपाठ शिक्षण मंत्रालयाने अधिकाऱ्यांना तोच संच वापरायला सांगितले. देशी कंपनी पुढे आली याचा आनंद आहे. पण घरमालक आपल्या गावचा असला म्हणून भाडेकरू मालक होत नाही. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्येच ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले होते. म्हणजे कागद अशा स्वरूपात ठेवावा की कोणत्याही कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये तो उघडेल. ते धोरण किती कचेऱ्यांत पोचले, हे आपल्या नगरपालिकेकडून आलेली एखादी मराठी फाईल उघडून ज्याने त्याने ठरवावे.

घरच्यापुरते बोलायचे तर लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्यात युनिकोड मराठी चालते. वर्डमधली गुंतागुंतीची कोष्टके तिथे कधी कधी विस्कटतात, पानांचे क्रमांक सरकतात. साध्या पत्राला, निबंधाला, कथेला काही होत नाही. कॉलेज जर वर्डच मागत असेल तर भाडे भरावे, पण मग निदान सहा जणांची कौटुंबिक योजना घरात वाटून घ्यावी. जे कायमचे ठेवायचे आहे ते युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात साठवून एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर आणि महत्त्वाच्या कागदाची एक प्रत छापून कपाटात ठेवावी. कपाटाला भाडे पडत नाही.

आणि ज्यांच्याकडे नव्वदीतल्या चकत्या, सीडी, जुन्या फॉन्टमधल्या फाईली पडून आहेत, मग ती आजोबांची आठवणींची वही असो की एखाद्या संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, त्यांनी या सुट्टीत ओळखीच्या छापखान्यातला तो कोपऱ्यातला संगणक अजून सुरू होतो का, एवढे विचारून यावे. लग्नसराई सुरू झाली की मालकाला वेळ नसतो.